शेवटची सही कुणाची?

कॉम्प्युटर आल्यापासून छपाईतल्या चुका कमी झाल्या, असं ज्याला वाटतं त्याने एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल तयार होताना पाहिलेला नसावा. छपाईच्या खिळ्यांच्या काळात जुळाऱ्याने बांधलेल्या ओळीत एक शब्द घुसवायचा तर परिच्छेदच उसवावा लागे. जुळाऱ्याच्या कपाळावरची आठी पाहून भलेभले संपादक तो शब्द परत खिशात घालत. १९८५मध्ये आल्डस कंपनीचं पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर आलं, हळूहळू आपल्याकडेही पोचलं आणि दुरुस्ती फुकट झाली. फुकट मिळालेली गोष्ट कोण सोडतो?

जयपुरात या फुकट दुरुस्तीची गंमत जास्त वाटते, कारण हे शहर आधी आखून मग बांधलेलं आहे. १७२७मध्ये सवाई जयसिंगांनी पाया घातला. विद्याधर भट्टाचार्यांची आखणी म्हणजे सरळ रस्ते, जागच्या जागी चौपडी, म्हणजे चौक. पान लावावं तर असं! गुलाबी रंग मात्र नंतरचा. १८७६मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून सवाई रामसिंगांनी शहर रंगवून घेतलं. पाहुणे यायच्या तोंडावर मुखपृष्ठाचा रंग बदलायची ही प्रथा समस्त संस्थांनी पुढे इमानेइतबारे चालवली.

इथल्याच एखाद्या संस्थेचा अहवाल लावणाऱ्या डीटीपी ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभं राहून पाहावं. सचिव म्हणतात, "भाईसाब, हेडिंग जरा मोठं करा." खजिनदार म्हणतात, "पानं वाढवू नका." तेवढ्यात पुण्याहून श्रीलिपी फाँटमधला मराठी मजकूर येतो आणि इथल्या कृतिदेव फाँटवाल्या मशीनवर त्याची भुतावळ होते. कृतिदेवचं स्वतःचं तरी काय? फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर 'भारत' उघडला की पडद्यावर एच, के, के, जे, आर अशी इंग्रजी अक्षरं रांगेत उभी! युनिकोडने हा घोळ बराच निस्तरला. पण खुर्चीमागची माणसं निस्तरणारं सॉफ्टवेअर अजून निघायचंय. प्रत्येक जण एकेक स्वल्पविराम हलवून समाधानाने घरी जातो आणि अध्यक्षांच्या नावातली चुकीची वेलांटी दिमाखात छापून येते. ती पाहायची कुणी, हे ठरलेलंच नसतं.

याच शहरातल्या 'कट्स' या ग्राहकहिताच्या संस्थेची सुरुवात १९८३च्या सुमारास 'ग्राम गदर' या भित्तिपत्राने झाली. गावच्या भिंतीवर डकवायचं पत्र ते. एकदा खळ लागली की दुरुस्ती संपली! आजच्या संपादक मंडळांना अधूनमधून अशी एखादी भिंत दाखवायला हवी.

तेव्हा संस्थाचालकहो, नवी मशीनं जरूर घ्या. फक्त ऑर्डर देण्याआधी एका कागदावर तीन नावं लिहा: मजकूर कोण देणार, कोण तपासणार आणि कुणाची सही झाल्यावर पानाला कुणीही हात लावायचा नाही. तिसऱ्या नावावर एकमत होत नसेल, तर खरेदी पुढे ढकला. तेवढेच पैसे वाचतील.