कोटी गुणिले कोटी: गोनोसाहेबांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री गिडियन गोनोसाहेब, माजी गव्हर्नर, रिझर्व्ह बँक ऑफ झिम्बाब्वे, मुक्काम हरारे, यांसी कोटी कोटी दंडवत.

(मायना उगाच लिहिलेला नाही. कोटीला कोटीने गुणलं की एकावर चौदा शून्यं येतात, म्हणजे बरोबर आपली शंभर ट्रिलियन डॉलरची नोट. हा दंडवत ज्यांना हिशेबानेही लागू पडतो, असे गव्हर्नर आपण एकटेच.)

पत्रास कारण की, ती नोट सध्या माझ्या टेबलावर आहे. नाण्या-नोटांच्या प्रदर्शनातून काही हजार रुपये मोजून आणली. विक्रेत्याने ती प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढू दिली नाही. "हाताळली की भाव उतरतो," म्हणाला. साहेब, हे वाक्य आपल्याला २००९ साली कुणी ऐकवलं असतं, तर आपण ती छापून थेट पाकिटातच ठेवली असती आणि बऱ्याच लोकांचं भलं झालं असतं.

पण आपला हेतू उदात्त होता. १६ जानेवारी २००९ ला आपल्या बँकेने दहा, वीस, पन्नास आणि शंभर ट्रिलियनच्या नोटा जाहीर केल्या. कशासाठी, तर लोकांना बँकेतले स्वतःचेच पैसे काढता यावेत म्हणून. म्हणजे दुखणं रांगेचं होतं! लोक पहाटेपासून बँकेच्या दारात उभे, काढायच्या रकमेला रोजची मर्यादा, आणि हाती पडलेल्या रकमेचं संध्याकाळपर्यंत काय होईल ते सांगता येत नाही. जुलै २००८ मध्ये महागाईचा सरकारी आकडाच वर्षाला २३ कोटी १० लाख टक्के होता. पुढे सरकारने आकडे देणं थांबवलं, तेव्हा स्टीव्ह हँके या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हिशेब मांडला: नोव्हेंबरच्या मध्यावर साधारण दर चोवीस तासांनी भाव दुप्पट. अशा वेळी दुसरा कुणी छापखाना बंद ठेवता. आपण शून्यं वाढवलीत. म्युनिकच्या कंपनीने नोटांचा कागद देणं थांबवलं, तरी आपण डगमगला नाहीत.

नोटेवरचं चित्र मला फार आवडलं. दर्शनी बाजूस एपवर्थचे ते प्रसिद्ध दगड, एकावर एक तोललेले, आता पडतील की मग असे. मागच्या बाजूस रानरेडा आणि व्हिक्टोरिया धबधबा. घसरत्या चलनावर धबधबा छापायचा प्रामाणिकपणा इतर देशांच्या मध्यवर्ती बँकांनी शिकण्यासारखा आहे. त्याआधीच्या आपल्या, नोटेसारख्याच चालणाऱ्या 'ॲग्रो चेक'वर तर मुदतही छापलेली असे: ३१ डिसेंबर २००८ पर्यंतच ग्राह्य. पावाच्या पुडीवर असते तशी. फरक एवढाच, की पाव दुकानात मिळत नव्हता. २००७ च्या जूनमध्ये सरकारने दुकानदारांना भाव निम्म्यावर आणायला लावले, न ऐकणाऱ्यांना पकडलं, आणि बघता बघता दुकानांच्या फळ्या मोकळ्या झाल्या.

आता जनतेबद्दल तक्रार. लोक कृतघ्न निघाले हो. एवढी मोठी नोट हातात दिली, तर ती खिशात ठेवायलाही कुणी तयार नाही. मिळाली की पळत सुटायचं आणि तेल, साबण, साखर, दिसेल ते उचलायचं, नाहीतर अमेरिकन डॉलर किंवा दक्षिण आफ्रिकेचा रँड घ्यायचा. बुलावायोत रस्त्यावर नोटा बदलून देणाऱ्या बायकांच्या अड्ड्याला गावाने नाव ठेवलं 'वर्ल्ड बँक'. शिक्षकांचा पगार बसभाड्यालाही पुरेना, तेव्हा त्यांनी शाळेत जाणंच सोडलं. त्याआधी, १ डिसेंबर २००८ ला तर पगार हाती न आलेले सैनिक हरारेच्या रस्त्यांवर उतरले, दुकानं लुटली, नोटा बदलणाऱ्यांना चोपलं. त्याच दिवसांत शहरात कॉलऱ्याने माणसं मरत होती आणि मोठी सरकारी रुग्णालयं बंद पडली होती. त्यावर थट्टा सुचत नाही, पुढे जातो.

नोटा जाहीर झाल्यावर दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच २९ जानेवारीला प्रभारी अर्थमंत्र्यांनी परकी चलनं वापरायला मुभा दिली. २ फेब्रुवारीला आपण स्वतः बारा शून्यं पुसलीत, आणि कोटी गुणिले कोटी डॉलर एका रात्रीत शंभर डॉलर झाले. एप्रिलमध्ये ते चलनच गुंडाळलं गेलं. त्याच वर्षी आपल्याला गणिताचं 'इग नोबेल' हे थट्टेचं पारितोषिक मिळालं. सेंटपासून शंभर ट्रिलियनपर्यंतचे आकडे रोजच्या व्यवहारात आणून आपण जनतेला गणित शिकवलंत, असं पारितोषिक देणाऱ्यांचं म्हणणं. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याचा कॅल्क्युलेटर बारा आकडी आहे. आपली नोट त्यात मावत नाही.

आम्ही हसतो असं समजू नका. आमच्याकडे २०१६ साली दोन हजारांची गुलाबी नोट आली, तेव्हा तिच्यात चिप असल्याचं टीव्हीवाले छातीठोकपणे सांगत होते. भाजीवाली मात्र नोट बघून एकच विचारायची, "सुट्टे नाहीत का?" त्याच्या दोन वर्षं आधी, २०१४ साली, तुमच्या देशाने आमचा रुपया अधिकृत चलनांत घेतला होता, हे आम्ही अभिमानाने लक्षात ठेवलंय. तिथे तो कुणी पाहिला का, हे मात्र विचारत नाही.

२०१५ साली आपल्या जुन्या नोटांचा शेवटचा हिशेब झाला. शंभर ट्रिलियनला ४० अमेरिकन सेंट. ज्यांनी ती बदलून न घेता पर्यटकांना विकली, त्यांना अर्थशास्त्र आपल्यापेक्षा बरं कळत होतं.

कळावे, लोभ असावा.

ता. क.: आपल्यानंतर बँकेने एप्रिल २०२४ मध्ये सोन्याच्या आधाराचं 'झिग' हे चलन काढलं. सप्टेंबरात त्याचं ४३ टक्के अवमूल्यन केलं. पण झिग बाजारात आलं तेव्हाही सरकारने पासपोर्टची फी अमेरिकन डॉलरमध्येच ठेवली होती. पासपोर्ट काढायला आलेला माणूस कोणतं चलन घेऊन येणार, हे सरकारला ठाऊक असावं.