सायकलवर पुन्हा बसणाऱ्यांस अनावृत पत्र

भडगावच्या सायकल मंडळाचे मा. अध्यक्ष, चिटणीस आणि दर रविवारी पहाटे रंगीबेरंगी पोशाखात गावाबाहेर पडणारे समस्त सायकलप्रेमी सभासद यांसी,

पत्रास कारण की, पन्नास-साठ वर्षे अविश्रांत खपून, सोसायटीचे कर्ज काढून, प्रसंगी बांधाकडचा शेताचा तुकडा विकून या गावाने जी एक गोष्ट पदरात पाडून घेतली, ती म्हणजे सायकलवरून खाली उतरणे; आणि ज्यांच्या दारात चारचाकी उभी आहे, ज्यांना पंपावरच्या भावफलकाकडे मान वर करून पाहण्याचीही गरज पडत नाही, असे आपण प्रतिष्ठित गृहस्थ कोणाच्याही जुलमाशिवाय, राजीखुशीने, पुन्हा तिच्यावर चढून बसला आहात. या कृत्याने गावाच्या आजवरच्या प्रगतीवर जो प्रतिकूल शेरा बसतो, त्याबाबत एका सेवानिवृत्त अव्वल कारकुनाची ही कैफियत आहे. ती कोणाच्या वतीने लिहिलेली नाही. तथापि तिच्याशी असहमत असलेला मनुष्य मला गावात अद्याप भेटलेला नाही, कारण ती मी कोणास वाचून दाखविलेली नाही.

प्रगतीचा क्रम आपणांस ठाऊक नसेल असे नाही. एके काळी सायकल, मनगटी घड्याळ आणि रेडिओ यांचा निकाल लागल्यावाचून लग्नाची बोलणी पुढे सरकत नसत, आणि वरपक्षाच्या ओट्याला टेकविलेली नवी सायकल पाहण्यास आळीतली माणसे मुद्दाम येऊन घंटी वाजवून जात. तिला दिवा नसेल तर रात्री शिपाई अडवी, डबलसीट बसविले तर दंड होई, नगरपालिकांच्या हद्दीत तिच्यावर कर असे आणि तो भरल्याचा बिल्ला तिच्या अंगावर मिरवावा लागे. म्हणजे सरकारदप्तरी तिला काही दर्जा होता. पुढे लूना आली, राजदूत आली, १९८५ च्या सुमारास हीरो होंडा आली, आणि मनुष्य पायरी पायरीने जसजसा वर चढत गेला तसतशी सायकल मागे हटत हटत अखेर गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकली. ज्याने तिला एकदा सोडले त्याने पुन्हा तिच्यावर बसणे म्हणजे पेन्शनराने आपण होऊन उमेदवार कारकून म्हणून रुजू होण्यासारखे आहे. आणि आपण तर त्या रुजू होण्याचे फोटो काढता.

सारे जग आपल्या पाठीशी आहे असे आपले चिटणीस सांगतात. खरे आहे. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांनी ठराव करून ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून मुक्रर केला, आणि २०२० सालच्या नेमक्या त्याच तारखेला ॲटलस सायकलचा साहिबाबाद येथील कारखाना बंद पडला. इतका अचूक योगायोग आमच्या कचेरीत फक्त निरोपसमारंभांच्या बाबतीत घडत असे: ज्याचा हार घालून गौरव होई, त्याचे टेबल त्याच दिवशी दुसऱ्याच्या ताब्यात जाई. मुंबईच्या हकीम, बापासोला आणि भुमगारा या पारशी तरुणांचाही दाखला आपण देता. ते आपल्या सोबत्यांसह ऑक्टोबर १९२३ मध्ये सायकलींवरून निघाले आणि हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून, सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून, मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत जोडीने तडीस नेली, तेही मला मान्य आहे. परंतु या सर्वांना कोठेतरी पोहोचावयाचे होते. आपण कजगावला जाता. कजगावास केळीचा लौकिक आहे, रेल्वेचे स्टेशन आहे; परंतु आपण तेथे गाडी पकडीत नाही, केळी घेत नाही, कोणाच्या सोयरिकीची चौकशी करीत नाही; चहा पिता आणि जसे गेलात तसे परत येता. विनाकाम प्रवास ही गोष्ट प्रवासभत्त्याच्या कोणत्याही नियमात बसत नाही, एवढे अनुभवाने सांगू शकतो.

आता साहित्याबद्दल. आपल्यापैकी एका सभासदाच्या सायकलीची किंमत ऐकून मला जवळच्या पारावर टेकावे लागले. तेवढ्या पैशांत चालू स्थितीतील जुनी मोटारसायकल येते. आणि इतके मोजूनही त्या यंत्राला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, चेनकव्हर नाही. पैसे वाढवीत जावे आणि वस्तू कमी होत जावी, हा व्यवहार व्यापारी पेशाच्या सभासदांनी कसा पत्करला याचे नवल वाटते. पहिल्या पावसानंतर आपली मंडळी परतली तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर बैठकीपासून मानेपर्यंत आमच्या काळ्या जमिनीच्या चिखलाची एक सरळ रेघ उठली होती, आणि जो मागे होता त्याच्या तोंडावर पुढच्याच्या चाकाने उडविलेले तेच द्रव्य होते. मडगार्ड नावाच्या पत्र्याच्या तुकड्याचा शोध कशासाठी लागला असावा, हे त्या दिवशी मला प्रथमच नीट उमगले. त्याच वाटेवर बैलगाडीतल्या एका शेतकऱ्याने आपल्यातील डॉक्टरसाहेबांस कळवळून विचारले, "काय भो, मोटारसायकल इकी टाकी का?" डॉक्टरसाहेबांनी हृदय, रक्तदाब, इंधनबचत आणि पर्यावरण या विषयांवर त्यास उभ्या उभ्या एक व्याख्यान दिले. त्याने ते कासरा सैल सोडून शेवटपर्यंत ऐकले आणि मग पुसले, "मंग, कितलामा इकी?"

प्रयोगांची या गावाला सवय आहे, हे मी आपल्या बाजूने नमूद करतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुधारलेल्या शेतीचा नमुना रयतेस दाखवावा म्हणून मुंबई सरकारने खानदेशात जे शेत चालविले, ते याच भडगावी. पाहणाऱ्यांनी त्यातून काय उचलले हा भाग वेगळा.

वेगाच्या हिशेबात मात्र आपण सरळसरळ अफरातफर करीत आहात. आपल्या मनगटावरील आणि मुठीवरील यंत्रे जाण्याचा वेग एक आणि येण्याचा वेग दुसरा दाखवितात, आणि येण्याचा जो वाढीव वेग, तो आपण सरावाच्या आणि मांड्यांच्या खाती जमा धरून गावभर सांगता. भडगावहून कजगावच्या वाटेला लागले की आपण, गिरणा नदी जिकडून येते तिकडे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या परंतु गुडघ्यांना चुकविता न येणाऱ्या चढाने जात असता. उन्हाळ्याच्या दिवसांत पश्चिमेचा वाराही समोरून असतो, आणि म्हणूनच जाताना आपण एकामागे एक अशी रांग धरून, पुढच्याने वारा फोडायचा आणि मागच्यांनी त्याच्या आडोशाला श्रम वाचवायचे, अशा पाळ्या लावता. परतताना उतार गिरणेचा, वारा पश्चिमेचा, आणि छाती तेवढी आपली. ही रक्कम नदीच्या आणि वाऱ्याच्या खाती वळती करून घ्यावी.

परंतु याहून गंभीर अशी एक बाब आपल्या मंडळात राजरोस चालू आहे, आणि खरे पाहता तिच्यासाठीच मी ही लेखणी उचलली. आपला असा नियम आहे की पुढे कोणी कितीही गेला असला, तरी प्रत्येक फाट्यावर सर्वांत मागचा मनुष्य येईपर्यंत थांबायचे; तो येताच निघण्याची घाई करायची नाही, त्याला पाणी पिऊ द्यायचे; आणि जो सर्वांत तयारीचा सायकलपटू असेल त्यानेच मुद्दाम सर्वांच्या मागे राहून मागचा सांभाळीत यायचे. महाशय, ज्येष्ठतायादी नावाच्या पवित्र दस्तऐवजाच्या छायेत मी उभी उमर काढली. पुढे गेलेल्याने मागच्यासाठी थांबावे, आणि सर्वांत लायक माणसाने सर्वांत शेवटची जागा मागून घ्यावी, ही शिकवण एकदा रविवारी अंगवळणी पडली की सोमवारी ती कचेरीत, बाजार समितीत, पंचायत समितीत शिरणार नाही याची हमी काय? आपल्यातील काही तरुण 'ब्रेव्हे' नावाच्या ज्या फ्रेंच पद्धतीच्या दीर्घ सफरींस बाहेरगावी जातात, तेथे तर २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करणाऱ्या सर्वांना सारखीच मान्यता मिळते म्हणे. पहिला आला त्याला पहिला म्हणायचे नाही आणि शेवटचा आला त्याला शेवटचा म्हणायचे नाही. ज्या जिल्ह्यात बालवाडीच्या स्नेहसंमेलनातही पहिल्या तिघांस स्टेजवर बोलाविल्यावाचून पाहुण्यांस परत जाता येत नाही, तेथे हे रुजू देणे कितपत इष्ट आहे याचा विचार व्हावा.

मंडळात आता काही भगिनीही येऊ लागल्या आहेत, आणि आपण गावात 'महिलांमध्ये सायकलची आवड निर्माण केली' असे आपल्या अहवालात लिहिले आहे. हे वाक्य वाचून मी चष्मा पुसला. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. आणि योजना असो वा नसो, शाळेच्या वेळेस कोणत्याही खेड्याच्या फाट्यावर उभे राहिले तर दोन-दोन वेण्या, पाठीला दप्तर आणि पुढच्या जाळीत डबा अशा मुली घोळक्याने, गप्पा मारीत, चढ आला की एकीने दुसरीच्या पाठीला हात लावीत जाताना दिसतात. त्यांच्या या सामूहिक सफरी सोमवार ते शनिवार होतात, त्यांस अध्यक्ष नाही, चिटणीस नाही, आणि अहवाल लिहिण्यास त्यांना सवड नाही. आपल्या मंडळाच्या स्थापनेपूर्वी गावात सायकल नव्हती असा जो समज आपल्या कागदपत्रांतून होतो, तो कोणी माहितीच्या अधिकारात विचारणा करण्यापूर्वी दुरुस्त केलेला बरा.

शेवटी एका प्रत्यक्ष पाहिलेल्या घटनेबाबत खुलासा मागावयाचा आहे. मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली एसटीची वाट पाहत होतो, आणि समोरच आपल्यातील एकाचे मागचे चाक बसले. नियमाप्रमाणे सारे थांबले. चौदा शहाणीसुरती माणसे एका चाकाभोवती उभी राहिली; कोणी हातभर लांबीचा पंप काढला, कोणी गॅसची कुपी काढली, नवी कोरी ट्यूब निघाली, ती चढली, फुगली, टाळ्या पडल्या आणि पुन्हा बसली. दुसरी ट्यूब चढली. तिचीही तीच गत झाली. तेवढ्यात कॅरिअरला दोन्ही अंगांनी दुधाचे कॅन बांधलेला एक इसम जुन्या काळ्या सायकलवरून आला, उतरला, स्टँड नीट लागले की नाही हे कॅन हलवून पाहिले आणि कोणासही न विचारता टायर हातात घेतला. त्याने आतून बोट फिरविले. एके ठिकाणी बोट थांबले. बाभळीच्या काट्याचे मोडलेले टोक, बाहेरून न दिसणारे, आत मोहरीएवढे वर आलेले होते. ते त्याने नखाने रेटून काढले, तळहातावर धरून मंडळीस दाखविले, पहिल्या ट्यूबचे भोक थुंकीच्या बुडबुड्याने शोधून स्वतःच्या पिशवीतले ठिगळ लावले आणि हात धोतराला पुसले. आपण त्यास 'थँक्यू' म्हणालात, एकाने पैसे पुढे केले ते त्याने घेतले नाहीत, आणि मंडळ मार्गस्थ झाले. माझी एसटी आली. वाटेत मी त्या इसमास मागे टाकले, समोरच्या वाऱ्याशी आणि दोन कॅनांशी झगडत तो एकटा चालला होता. आणि फाट्यावर उतरून पाहतो तो मंडळाने डोकी मोजली होती, 'सर्व आले' असे चिटणिसांनी जाहीर केले होते, आणि चहाचे ग्लास अर्धे झाले होते.

तरी खालील मुद्द्यांचा खुलासा व्हावा. सदर इसम मंडळाच्या नियमाच्या अर्थी 'सर्वांत मागचा' ठरतो किंवा कसे? ठरत नसल्यास त्यास वगळण्याचे कारण वर्गणी, हेल्मेट, पोशाख की दुधाचे कॅन, हे कलमासह कळवावे. ठरत असल्यास, त्या दिवशी पंधरावा चहा का सांगण्यात आला नाही, आणि आपल्या चाकापायी त्याच्या रतिबाला उशीर होऊन गिऱ्हाइकांची जी बोलणी त्याने दारोदार खाल्ली असतील, ती मंडळाच्या कोणत्या शीर्षाखाली खर्ची टाकावयाची? उत्तर पंधरा दिवसांच्या आत, शक्य तर त्या इसमाच्या समक्ष, द्यावे. तो रोज पहाटे त्याच रस्त्यावर असतो, रविवारीही असतो. त्याचा पत्ता मजजवळ नाही आणि आपल्याजवळही नसावा, कारण आपण त्याचे नाव विचारले नव्हते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून, भडगाव

ता. क. या पत्राची प्रत माहितीस्तव बसस्टँडजवळील पंक्चरवाल्यांस दिली आहे. नाक्यावरच्या कुत्र्यांस ती वेगळी पाठविलेली नाही, कारण त्यांचे म्हणणे दर रविवारी मंडळाच्या पोटऱ्यांपर्यंत समक्ष पोहोचतच असते.