तात्या मेडिकलला बसतात

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशा आईबापांच्या रत्नागिरीत तीन इयत्ता असतात. पहिली व्हिजिटर व्हिसावाल्यांची. हे सहा महिने जातात, थंडीला कंटाळून परत येतात आणि पुढचे सहा महिने तिथल्या दुधाची चव सांगत हिंडतात. दुसरी 'मुलगा बोलावतोय, पण आम्हालाच जायचं नाही' वाल्यांची. यांना बहुधा मुलानं बोलावलेलं नसतं. तिसरी आणि सगळ्यांत वरची इयत्ता ग्रीन कार्डवाल्यांची. आमचे तात्या 2019च्या उन्हाळ्यात या तिसरीत जायला निघाले.

तात्या म्हणजे उभा जन्म गणित शिकवलेले मास्तर. मुलगा न्यू जर्सीत. तो तिथला नागरिक झाल्याबरोबर त्यानं आईबापांसाठी अर्ज टाकला, कागद दीडेक वर्ष इकडून तिकडे फिरले आणि अखेर मुंबईच्या मुलाखतीची तारीख आली. त्याआधी ठरलेल्या डॉक्टरांकडे मेडिकल. अमेरिकेची वकिलात नेमून देईल त्याच डॉक्टरांचं चालतं, मारुती मंदिराजवळच्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं नाही, हे कळल्यावर तात्या गंभीर झाले. "म्हणजे एक्स्टर्नल एक्झामिनर," ते म्हणाले. पुढचा प्रश्न होता, "पोर्शन काय?"

मुलानं फोनवर सांगितलं, "बाबा, तयारी काही लागत नाही." तात्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "नापास झालेल्या प्रत्येक मुलानं मला हेच सांगितलेलं आहे."

पोर्शन मिळाला तो रिक्षात. मिरकरवाड्याचे एक भाई तात्यांना बाजारात नेत-आणत. त्यांनी अकरा वर्षं कुवेतला काढलेली आणि जाण्याआधी मुंबईत गामकाचं मेडिकल दिलेलं. आखाती देशांनी मान्य केलेल्या दवाखान्यांची ही तपासणी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दहावीच्या परीक्षेपेक्षा जास्त घरांना ठाऊक आहे. भाईंनी स्टेशनपासून घरापर्यंत यादी सांगितली: छातीचा फोटो, एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, साखर, लघवी, शौच, बीपी. शेवटी निकाल एका शब्दाचा, फिट किंवा अनफिट. तात्यांनी ही यादी पिशवीतल्या कोकमांच्या पुडीवर उतरवून घेतली. ती दुसऱ्या बोर्डाची आहे ही शंका त्यांना आली नाही. मलाही आली नाही, हे कबूल करतो. शेजाऱ्याच्या अभ्यासात लक्ष घालायची माझी सवय शाळेतच सुटली.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वेळापत्रक चढलं. पहाटे पाचला मांडवीची जेटी. सहाला कारल्याचा रस. साडेसहाला प्राणायाम. दहाला डोळे. डोळे म्हणजे राम आळीतल्या चष्म्याच्या दुकानात जाऊन भिंतीवरचा तक्ता वरून खाली आणि खालून वर पाठ करणे. चौथ्या दिवशी दुकानदारानं तक्त्यावर कॅलेंडर टांगलं. तात्या त्याच्यासकट म्हणून आले.

संध्याकाळी एक्स-रेची तालीम. काकू पितळेची परात तात्यांच्या छातीला लावून उभ्या राहात. हनुवटी परातीच्या काठावर, हात कमरेवर, खांदे पुढे. "श्वास घ्या. धरा." एकदा श्वास धरलेला असताना कुकरची शिट्टी झाली आणि काकू गॅस बंद करायला गेल्या त्या परत आल्याच नाहीत, वाटाण्याला फोडणी घालत बसल्या. मी दार ढकलून आत गेलो तेव्हा तात्या एकटेच परात धरून जांभळे पडलेले. "सोडा!" मी ओरडलो. त्यांनी परात सोडली. श्वास नंतर सोडला.

हे सगळं चाललं असतं. पण तात्यांनी आंबा सोडला.

महिना मे, गाव रत्नागिरी, आणि मास्तर हापूसला नाही म्हणतात! जेवणानंतरची साखर 158 आली होती. तात्यांनी त्या आकड्याकडे नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं पाहिलं आणि निर्णय जाहीर केला. मावसभावानं पावसहून दोन पेट्या पाठवल्या, त्या तशाच कॉटखाली. माजघरात पाऊल टाकलं की वास अंगावर यायचा. तात्या नाकाला रुमाल लावून देवपूजा करायचे. बातमी नाचणे रोडभर झाली. लोक हळू आवाजात विचारायला लागले, "काशीला जाऊन आलात का?" काशीत आवडतं फळ सोडतात ते ठीक, पण अमेरिकेसाठी फळ सोडलेला माणूस आमच्याकडे पहिलाच. एका गृहस्थांनी तर "देवगड आहे म्हणून नको म्हणताय का?" असं विचारून वाद उभा करायचाही प्रयत्न केला.

काकूंचंही मेडिकल होतं. त्या दुपारी दोन आंबे कापून खात, कोय चोखत, आणि उरलेल्यांचा रस काढून गच्चीवर ताटांत पसरत. "तुझा अभ्यास?" तात्या विचारत. "मी आयत्या वेळी बघीन," काकू म्हणत.

एका सकाळी थिबा पॅलेसजवळ मी तात्यांना गाठलं आणि जरा करमणूक म्हणून सांगितलं, की 1886 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला या गावात आणून ठेवलं तेव्हा त्याची छाती कुणी तपासली नाही. एक्स-रेचा शोधच 1895चा. "तो आला ते अर्ज न करता," तात्या म्हणाले, "आणि गेलाही नाही कुठे." खरं होतं ते. थिबा 1916 साली इथेच वारला.

मग मी त्यांना न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटाची हकीकत सांगितली. 1892 साली तिथं परदेशातून येणाऱ्यांसाठी ठाणं उघडलं. बोटीतून उतरलेली माणसं जिना चढून येत आणि वर उभे असलेले डॉक्टर चालत्या माणसाकडे काही सेकंद बघून शंका आली तर त्याच्या कोटावर खडूनं अक्षर काढत. हृदयाची शंका असली तर एच, पाय ओढत असला तर एल, डोळ्यांसाठी ई. खुपऱ्या आहेत का बघायला बुटांची बटणं लावायच्या आकड्यानं पापणी उलटी करत. खडू म्हटल्यावर तात्या रमले. "आणि डोक्यात काही बिघाड वाटला तर?" त्यांनी विचारलं. त्याला एक्स. "माझ्या कोटावर कुठलं अक्षर आलं असतं हो?" कारल्याचा रस प्यायलेल्या त्या चेहऱ्याकडे बघून मी विषय बदलला.

मेच्या अखेरीस दोघं रात्रीच्या कोकणकन्येनं मुंबईला गेली. तात्या त्या संध्याकाळपासून उपाशी. पाणीसुद्धा मोजून. काकूंनी चिपळूण यायच्या आत डबा उघडला.

पुढचं मी काकूंकडून ऐकलं, म्हणून त्यावर माझा विश्वास आहे.

डॉक्टरांनी तात्यांना तपासलं, कांजिण्या कधी आल्या होत्या ते विचारलं. तात्यांनी साल, महिना आणि कडुलिंबाचा पाला कुणी आणला तेही सांगितलं. मग बाही वर करून देवी टोचल्याची खूण दाखवली. देवी जगातून गेल्याचं जाहीर होऊन 39 वर्षं झाली होती. डॉक्टरांनी खूण सोडून दुसरीकडे सुई मारली. धनुर्वाताची एक, आणि पासष्टी ओलांडल्यामुळे न्यूमोनियाची आणखी एक. चौसष्टीच्या काकूंना एकच. डोळ्यांचा तक्ता निराळाच निघाला. तात्यांनी राम आळीतला म्हणून दाखवला.

मग रक्त. तात्यांनी दंड पुढे केला आणि विजयी स्वरात सांगितलं, "चौदा तास उपाशी आहे."

"कशाला काका?" रक्त घेणारी मुलगी म्हणाली. "ही साखरेची नाही."

साखर अमेरिकेच्या यादीत नव्हतीच. एचआयव्हीदेखील त्यांनी 2010 सालीच यादीतून काढून टाकला होता. तात्यांनी महिनाभर कुवेतचा अभ्यास करून अमेरिकेचा पेपर दिला होता. "मग कसली आहे ही?" काकूंनी विचारलं. मुलीनं फॉर्म बघून सांगितलं, उपदंशाची. तेव्हा पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाची ती करत, त्यात मास्तर म्हणून सूट नव्हती. तात्या लाल झाले. ज्या आजाराचं नाव त्यांनी अख्ख्या नोकरीत उच्चारलं नव्हतं, त्याच्यासाठी त्यांनी हापूस सोडला होता.

छातीचा फोटो तात्यांचा स्वच्छ आला. काकूंच्या फोटोत वरच्या बाजूला एक जुना डाग निघाला.

"चाळीस वर्षांत मला कसं कळलं नाही?" तात्या म्हणाले.

"तुम्हाला माझ्या आतलं काय कळलंय?" काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळानं आपणहूनच बोलल्या. लहानपणी एक आत्या पडवीत झोपायची. तिचं ताट वेगळं, भांडं वेगळं. काकूंना मात्र तिच्याच मांडीवर बसून गोष्टी ऐकायच्या असत. आत्याला काय झालं होतं ते घरात कुणी म्हटलं नाही.

डॉक्टरांनी समजावलं, आपल्याकडे असा डाग पुष्कळांच्या छातीत असतो, आज आजार आहे असा त्याचा अर्थ नाही. पण खात्री करायला लागोपाठ तीन सकाळी थुंकी द्यायची, ती जंतू वाढतात का बघायला ठेवतात, आणि त्याला आठ आठवडे लागतात. मुलाखत पुढे गेली.

तात्यांना नवीन पेपर मिळाला. डोंबिवलीच्या भाच्याच्या गॅलरीत पहाटे साडेचारला शिकवणी सुरू झाली. "पोटातून खोक! घशातून नको. ती लाळ, तिला मार्क नाहीत." काकूंना आयुष्यात धड खोकला झाला नव्हता. त्या प्रयत्न करीत, तात्या करून दाखवीत, समोरच्या इमारतीत दिवे लागत. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी आल्याचा काढा पाठवला, तात्यांसाठी.

परत आल्यावर स्टेशनवर भाईंची रिक्षा होती. तात्यांनी डागाचं सांगितलं. भाई कुवारबावच्या उतारापर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, आमच्याकडे हा डाग दिसला की अनफिट. जुना का नवा, बघत नाहीत. माझ्या धाकट्या भावाला लागला. एजंटाचे पैसे भरलेले, बोटीवरची नोकरी सोडलेली." आणि हॉर्न वाजवून, "तुमची अमेरिका आठ आठवडे थांबते तरी."

तात्यांनी त्या दिवशी भाड्याची घासाघीस केली नाही.

जूनमध्ये पाऊस आला, आंबा संपला. आषाढ सरता सरता निकाल आला: तिन्ही नमुन्यांत काही वाढलं नाही. मी पेढे मागायला गेलो तर तात्या खुर्चीत बसून कारल्याच्या रसाचा पेला न्याहाळत होते; सवय सुटत नव्हती. काकूंनी डबा काढला. मेमध्ये गच्चीवर वाळवलेलं साठं, तळहाताएवढा तुकडा. त्यांनी तो तात्यांच्या हातावर ठेवला.

"साखर?" तात्यांनी विचारलं.

"पोर्शनला नाही," काकू म्हणाल्या.