माणशी तीन गुंठे

माझा जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला. खोली १६० चौरस फुटांची, माणसं नऊ. मजल्यावर अशा वीस खोल्या, इमारतीत ऐंशी. हे आधीच सांगून टाकतो, कारण कर्जतजवळच्या दोन एकरांत उभं राहून "तीन गुंठ्यांच्या खाली माणूस जगूच शकत नाही!" असं जे गृहस्थ ओरडत होते, ते मीच.

निवृत्तीच्या तोंडावर ऑफिसातल्या आम्ही अठरा जणांनी ही जमीन घेतली आणि नियोजित गृहनिर्माण संस्था काढली. अकरा वर्षं झाली, आम्ही अजून नियोजितच आहोत. दोन एकर म्हणजे ८० गुंठे, एवढ्यावर मात्र सर्वांचं एकमत आहे. त्यातले १८ गुंठे रस्त्यात जाणार. ले-आउट ०.४ हेक्टरचा किंवा मोठा असला की दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, तिचे ८ गेले. ही मोकळी जागा प्रत्येकाला स्वतःच्या प्लॉटला लागून हवी होती आणि तिथे मुलांनी खेळलेलं कोणालाच चालणार नव्हतं. उरले ५४. अठरा जणांना तीन-तीन. गणित इतकं सरळ सुटलं, तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

खजिनदारांनी रस्ता, बोअरवेल आणि विजेची डीपी यांचा खर्च अठरांनी भागून दाखवला. सगळे एकदम आकाशाकडे बघू लागले. मग ते हळूच म्हणाले, "आणखी नऊ सभासद घेऊ. सत्तावीस जण, दोन-दोन गुंठे."

झालं! पाणी पुरणार नाही, गाड्या कुठे लावणार, उद्या भाडोत्री येतील, परवा त्यांचे पाहुणे येतील. ज्यांनी तीस वर्षं विरार लोकलच्या दारात लटकून काढली, ते नऊ शेजाऱ्यांच्या नुसत्या कल्पनेनं गुदमरले. एक जण म्हणाला, "मग इथेही गर्दीच, तर मुंबई काय वाईट होती?" हा राहतो डोंबिवलीत.

घरी येऊन मी बायकोला माझं भाषण ऐकवलं. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "तीन गुंठे म्हणजे किती हो?"

"गुंठा तेहतीस फूट बाय तेहतीस. १०८९ चौरस फूट. तिनाचे ३२६७."

तिनं मोबाइलवर १६०नं भागलं. "वीस आले. म्हणजे पॅसेज सोडला तर तुमच्या चाळीचा अख्खा मजला. तेवढ्यात आपण दोघं. झाडणार कोण?"

मी बागेबद्दल काहीतरी बोललो. आमच्या गॅलरीतली तुळस तीच जगवते, हे तिनं बोलून दाखवलं नाही. फक्त तुळशीकडे पाहिलं.

पुढची सभा जागेवरच घ्यायची ठरली. चुन्याची फक्की मारून प्लॉट आखले होते, जो तो आपल्या चौकोनात मालकासारखा उभा होता, आणि कर्जतचा पाऊस आला. तो सूचना वगैरे देऊन येत नाही. आसरा एकच, राखणदाराची पत्र्याची खोली. दहा बाय बारा. आम्ही अठरा, तो आणि त्याची बायको. माणशी सहा चौरस फूट.

फक्की धुऊन गेली, पण सभा चालू राहिली. "दोन घरांत अंतर हवं, हवा खेळती राहिली पाहिजे," असं एक सभासद मला माझ्याच खांद्यावर हनुवटी टेकवून समजावत होते. अर्धा-अर्धा कप चहा हातोहात मागे सरकत होता. कोणाच्या तरी डब्यातली थालीपीठं निघाली. गेल्या अकरा वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं, लोक हसले. मला मजल्यावरच्या गणपतीची आठवण झाली. तेव्हाही आरतीचं तबक असंच डोक्यांवरून जायचं.

त्या दाटीतच तोडगा निघाला: चोवीस सभासद, सव्वादोन गुंठे. म्हणजे दोन गुंठे चार आणे. मोजणीच्या जुन्या हिशेबात गुंठ्याचे सोळा आणे, हे सांगणाऱ्या सभासदाचे वडील तलाठी होते. अध्यक्षांनी ठराव मताला टाकला. हात वर करायला जागाच नव्हती. त्यामुळे विरोध नाही असं धरून तो एकमतानं मंजूर झाला.

पाऊस थांबला. बाहेर येऊन हातपाय मोकळे होताच तिघांनी विरोध नोंदवला. पण ठराव तोवर वहीत चढला होता.

तेव्हा सहा जागा आहेत, इच्छुकांनी जरूर यावं. कोपऱ्याचे प्लॉट गेलेत आणि मोकळ्या जागेलगतचा माझा आहे.