चांगल्या पायाची गोष्ट

पाय मोडला की घरात चार-पाच डॉक्टर आपोआप तयार होतात. माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. त्यामुळे माझ्या घोट्याला दोन जिल्ह्यांचा सल्ला मिळाला. मामी म्हणाली, "मिरजेला दाखव." तिचं खोटं नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातनंही लोक तिथं येतात. सासऱ्यांचा भर हाडवैद्यावर. खऱ्या डॉक्टरांनी प्लास्टर काढलं आणि सांगितलं, "आता वॉकर बूट घ्या."

बूट गुडघ्यापर्यंतचा की आखूड, हे डॉक्टरच ठरवतात. आपल्या हातात उरतं ते माप. खुर्चीत बसून, लांब सुती मोजा चढवून, टाच पार मागं टेकवायची आणि मगच पट्टे आवळायचे. बोटं तळाच्या बाहेर डोकावता कामा नयेत, टाच आत उचलली जाता कामा नये आणि पट्ट्यांनी पायाला मुंग्या आणता कामा नयेत. घोटा आत जखडलेला असतो, म्हणून तळ गोलसर ठेवलेला असतो. पाऊल वाकण्याऐवजी पुढं कलंडतं. दुकानातल्या फरशीवर सगळेच बूट गुणी वाटतात. सांगलीच्या सपाट रस्त्यावरही ते शहाण्यासारखे वागतात. सातारा मात्र अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं गाव, इथली गल्ली एक तर चढते नाही तर उतरते. न वाकणाऱ्या घोट्यानं उतार उतरताना बुटाचे आणि आपले, दोघांचेही खरे गुण कळतात.

एवढी चौकशी दुखऱ्या पायाची. दुसऱ्याला कोण विचारतं? बूट त्या बाजूला दोन-तीन सेंटीमीटर उंच करतो. चांगल्या पायात घरातली झिजलेली स्लीपर असली, तर माणूस एका अंगाला कलतो आणि आठवड्याभरात कंबर कुरकुरायला लागते. जिना चढताना पहिली पायरी चांगल्या पायाची. उतरताना दुखरा पुढं जातो, पण अख्खा भार मागं चांगल्यावरच. काठीसुद्धा त्याच्याच बाजूच्या हातात धरायची. त्यात सासूबाई उंबऱ्यावर उभ्या: "पायातलं बाहेर!" बूट काढू नका असं डॉक्टरांचं बजावणं. शेवटी बुटाला जुन्या उशीचा अभ्रा चढवून तह झाला. त्या वाटाघाटी चालू असताना एका पायावर ताटकळत उभा होता तो चांगलाच.

भेटायला येणारे केळी-मोसंबी आणतात आणि बुटाकडे बघून हळहळतात. शेजारच्या पायाला कुणी 'दमलास का रे' म्हणत नाही. म्हणून बूट घ्याल त्याच दिवशी त्याच्या उंचीला जुळणारी जाड तळाची चप्पलही घ्या. आणि गाडीवर बसवून दुकानात नेणारा, पट्टे लावायला खाली वाकणारा जो घरचा माणूस असतो, त्याच्या पायात काय आहे तेही जरा बघा. आमच्याकडे तर ह्यांच्या चपलेचा अंगठा कधीचाच तुटला होता.