आधी पाणी, मग पंखा

बडनेऱ्याच्या माणसाला उष्णतेतलं कोणी काही शिकवायला जाऊ नये. मे महिन्यात मुंबई-हावडा मार्गावरच्या गाडीतून भर दुपारी आमच्या फलाटावर उतरणारा पाहुणा पहिल्याच पावलाला मागे वळून डब्याकडे बघतो. तोवर गाडी हललेली असते, आणि आम्ही त्याला अमरावतीच्या ऑटोत कोंबलेलं असतं. पारा ४५ च्या वर गेला तरच आमच्याकडे उन्हाविषयी बोलतात. त्याच्या खाली बोलणं म्हणजे उगाच नखरे.

आमचं सगळं आयुष्य उष्णता घराबाहेर हाकलण्यात गेलं. होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. टाकीच्या गंजलेल्या बुडाला डांबर फासायचं, तिन्ही ताट्यांतलं जुनं गवत काढून नवं भरायचं, हात सढळ असेल तर वाळा भरायचा, आणि पोराटोरांना दरवर्षीचा नियम सांगायचा: आधी पंप, मग पंखा. ताट्या भिजायच्या आत पंखा लावला की तोंडावर नुसत्या झळा. सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर असं नाव आहे. तिथलं पाणी एवढं लांबून आमच्याकडे येतं ते कूलरला पाजायला, असं उन्हाळ्यापुरतं तरी मला वाटतं.

अशा माणसाला लेक-जावयानं ऐन डिसेंबरात इंग्लंडात, रेडिंगला नेलं. आता थंडी आम्हालाही ठाऊक आहे. आम्ही पऱ्हाट्या पेटवून शेकतो, पुढून भाजतो, मागून गारठतो आणि झोपायला जातो. पण तिथं उष्णता पाइपातून येते आणि तिचं बिलही येतं. एक बॉयलर पाणी तापवतो, पंप ते घरभर फिरवतो, खोल्याखोल्यांतले रेडिएटर तापवून पाणी पुन्हा बॉयलरकडे येतं. आमच्याकडे बंबातलं पाणी निदान बादलीत तरी पडतं. यांच्याकडे तेच पाणी वर्षानुवर्षं घरभर हिंडतं आणि कोणाच्या अंगावर पडत नाही.

हे वैभव त्यांच्याकडे तरी कुठे फार जुनं आहे? १९७० साली तिथल्या बहुतेक घरांत असली व्यवस्था नव्हती. लोक एका खोलीत विस्तवापाशी गोळा होऊन बसत, बाकीच्या खोल्या थंडगार. उत्तर समुद्रात गॅस सापडला, १९६७ पासून दहा वर्षांत घरोघरची उपकरणं त्यावर चालण्याजोगी करून दिली गेली आणि मग बॉयलर सर्रास झाले. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. म्हणजे सुरुवातीच्या सभासदांनी किती गणेशोत्सव आणि किती संक्रांती ओव्हरकोटात काढल्या असतील, याचा कोणी इतिहास लिहायला हवा.

घोडं अडलं स्वयंपाकघरात. चारी भिंतींना खाली-वर कपाटं. रेडिएटर टांगायला हातभर भिंत मोकळी नाही. खाली फरशी. आमच्या हिनं निर्वाणीचं सांगितलं, "पायात दोन-दोन मोजे घालून मी पोळ्या लाटनार नाही. अन् मोजे काढून तर मुळीच नाही." पोळ्यांचा प्रश्न आल्यावर जावई तातडीनं हलले.

उपाय निघाला तो प्लिंथ हीटर. खालच्या कपाटांच्या पायाशी सहाएक इंच उंचीची पट्टी असते ना, तिच्यामागे झुरळांसाठी राखून ठेवल्यासारखी जागा असते. तिथं हा चपटा डबा सरकवतात. मी त्याचं झाकण काढून आत डोकावलो आणि मला माहेरचं माणूस भेटलं. तांब्याची नळी, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांची जाळी आणि मागे पंखा. पाणी आणि पंखा! हा तर आपला कूलरच, फक्त फितूर झालेला.

प्लंबर आला ठरल्या वेळेला. (हे मी बडनेऱ्यात कोणाला सांगितलेलं नाही, विश्वास बसणार नाही.) फरशीला गाल टेकून, तोंडात बॅटरी धरून तो कपाटाखाली शिरला. त्यानं जाणाऱ्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही पाइपांवर टी बसवून फाटे काढले, प्रत्येकावर एकेक बंद करायचा व्हॉल्व्ह बसवला आणि लवचीक नळ्यांनी डबा जोडला. पंख्याच्या विजेला तीन ॲम्पियरचा वेगळा फ्यूज. त्याआधी व्यवस्थेतलं पाणी काढलं, ते लेकीच्या बेकिंगच्या ट्रेमध्ये. काळंशार! रेडिएटरच्या आतला गंज वर्षानुवर्षं त्यात मुरत होता. हिनं ट्रेकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. तो ट्रे त्यानंतर मला घरात दिसला नाही.

नवं पाणी भरलं, गंजरोधक औषध घातलं, काटा एक आणि दीड बारच्या मधे आणला, बॉयलर सुरू केला. वरच्या मजल्यावरचे रेडिएटर तापले. खाली आमचा डबा गप्प. पंखा हलेना.

"बाबा, मोटर गेली वाटतं," जावई म्हणाले.

मी वाकून दोन्ही नळ्यांना हात लावला. एक कढत, दुसरी गार. बडनेऱ्याच्या आमच्या कूलरवाल्याला व्हिडिओ कॉल लावला. डिसेंबरात त्याला कामधंदा नसतोच. त्यानं नळ्या पाहिल्या, डबा पाहिला आणि तिळगुळाआधीच गोड हसला. "काकाजी, पान्यानं हवा धरली नं. मोटर कायले जाते? हवा काढा, अन् मंग पाहा."

इकडे प्लंबरनं खिशातून इवलीशी चावी काढून डब्याचा स्क्रू सैल केला. सूं-सूं करत हवा निघाली, मागोमाग थेंब आले. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती, निदान मात्र एक. पंखा तरीही लगेच फिरला नाही, आणि मला खरा आनंद झाला तो इथं. त्या डब्यात एक थर्मोस्टॅट असतो. पाणी चाळिसेक अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो पंख्याला वीज देत नाही, नाहीतर पायांवर गार वारा यायचा. म्हणजे आधी पाणी, मग पंखा! जे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या कानीकपाळी ओरडतो, ते साहेबानं एका बटणाएवढ्या वस्तूत घालून ठेवलंय. शेवटी घुर्रर्र झालं, हिच्या पायांवर झुळूक आली आणि हिनं एका पायातला एक मोजा काढला. आमच्या घरात याला पसंती म्हणतात.

प्लंबरनं मग जवळच्या रेडिएटरांचे व्हॉल्व्ह थोडे आवळले. पाणी सोप्या वाटेनं पळतं, आणि जवळचे अधाशासारखे सगळं ओढून घेतात. मी फक्त मान डोलावली. वाटपाचं राजकारण आम्हाला नवं नाही.

कूलरवाला अजून फोनवरच होता. "काकाजी, हे आपल्याकडं चालते का?"

मी विचार केला. आपल्याकडे बॉयलर नाही. पण मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी दोनला हाताला चटका देतं. ते या डब्यात सोडलं तर थर्मोस्टॅट खूश होईल आणि पंखा आपोआप सुरू होईल. गॅस नको, बिल नको. मी जावयांना हे मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"पण बाबा, मे महिन्यात बडनेऱ्याला हीटर कशाला?"

"कायले म्हंजे?" पोळी लाटता लाटता ही म्हणाली. "पावनं हलत नसलं, तं लावाले."