बरी वाटली

पुण्यातल्या आमच्या वधू-वर सूचक मंडळात मी रविवारी सकाळी बसते. पगार नाही, चहा मिळतो. हल्ली कांदेपोह्यांच्या आधी मुलगा-मुलगी बाहेरच कॉफीला भेटतात आणि पुढे जायचं की नाही ते मला फोनवर कळवतात. त्यामुळे एकाच भेटीचे दोन अहवाल माझ्या कानावर येतात. ऐकून वाटावं, दोघं वेगवेगळ्या गावी गेले होते.

मुलाचा फोन लगेच येतो आणि लगेच संपतो.

"काकू, बरी वाटली."

"काय करते?"

"आयटीत आहे."

"आयटीत काय?"

"ते... लॅपटॉपवरच असतं ना सगळं."

"घरी कोण कोण?"

"आईबाबा असतीलच की."

"मग दीड तास बोललात काय?"

"मी लडाखला बाइकवर गेलो होतो ना, ते सांगितलं. छान ऐकून घेतलं तिने."

मुलीचा फोन रात्री येतो. त्यासाठी मला जेवणं उरकून, पाय वर घेऊन बसावं लागतं. वाकडच्या टू बीएचकेचा हप्ता 2041पर्यंत आहे. पार्किंग एकच. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर. मोठी बहीण बाणेरला, म्हणजे जवळच, आणि येते ती जेवूनच जाते.

"आणि काकू, भाजी कोण आणतं विचारलं, तर म्हणतो, 'येते घरात.' येते म्हणजे? भाजीला पाय असतात?"

"एवढं सगळं त्याने आपणहून सांगितलं?"

"नाही हो, लडाखच्या मधेमधे निघालं."

मुली फार चौकशा करतात, असं मुलांच्या आया मला ऐकवतात. करणारच! लग्नानंतर घर, गाव, कधी आडनावही बदलायचं ते तिने. त्याचा फार तर कपाटातला एक कप्पा रिकामा होतो. केंद्र सरकारच्या 2019च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाला बायकांची रोजची 299 मिनिटं निघाली आणि पुरुषांची 97. त्यातही ही 97 मिनिटं घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. ज्यांच्याकडे भाजी चालत येते, ते या हिशेबात धरलेलेच नाहीत.

पत्रिकेत यावर काही सापडेल म्हणावं, तर तिथेही नाही. वर्णाच्या 1पासून नाडीच्या 8पर्यंत बेरीज करत 36 गुण होतात. 18 जमले की जुळली पत्रिका. भाजीला त्यात अर्धा गुणही ठेवलेला नाही.

पत्रिकेचा खरा उपयोग मुलींना ठाऊक असतो. नकार द्यायचा तर सरळ 'नको' म्हणतील त्या मुली कसल्या? "पत्रिका जुळत नाही, काकू," असं सांगून मोकळ्या होतात. पत्रिका अजून माझ्याच फायलीत असते. हा निरोप मी पोचवला, की मुलगा मनापासून विचारतो, "हॉस्पिटलातून जन्मवेळ पुन्हा तपासून आणू का?" अशा वेळी मला मुलांची फार दया येते. त्यांना खरं कारण कुणी सांगतच नाही.

मंडळ नको म्हणून ॲपवर गेलेले तरी सुटतात का? बंबल 2014मध्ये निघालं ते याच नियमावर, की पहिला मेसेज मुलीने करायचा. दहा वर्षांनी, 2024मध्ये, त्यांनी मुलींना एक प्रश्न आधीच लावून ठेवायची सोय दिली. मुलाने नुसतं उत्तर द्यायचं. मला काही नवल वाटलं नाही. माझा भाचा तिथे आहे. 'जेवलीस का?' हा त्याचा मेसेज. तिने 'हो' म्हटलं, की संध्याकाळपर्यंत सामसूम. मग पुन्हा 'जेवलीस का?' यात त्याची काळजी असते, प्रेमही असेल. पण मुलीला वाटतं, मेसवाले काका बोलताहेत.

तेव्हा मुलांनो, येत्या रविवारी लडाख गाडीतच ठेवून जा. ती आयटीत नेमकं काय करते, ते विचारा आणि उत्तर ध्यानात ठेवा. फोनवर मी विचारणार आहे.